सिनेमासाठी अनवाणी पोर: लागवड व निगा

सहकुटुंब पाहण्याजोगा, मातीतला बालपट काढायचं ठरवलंत? उत्तम. आफ्रिका महाग पडते. नांदेडजवळच्या मुदखेडला नंदीग्राम एक्सप्रेस थांबते.

१. जमीन. भेगाळलेलीच हवी. इथं पहिली पंचाईत होईल, कारण हा फुलांचा तालुका: गुलाब, काकडा, गलांडा. पहाटे फुलं तोडणारी माणसं दिसतील. कॅमेरा तिकडं वळू देऊ नका. गुलाबाच्या वाफ्यात उभ्या पोराची शहरातल्या प्रेक्षकाला कीव कशी येणार? मे महिन्यात या, एखादं आटलेलं तळं गाठा. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेवढा मराठवाडा लोकांना पाठ आहे. मुदखेड जंक्शनवरून टँकरची मालगाडी गेली की टिपून ठेवा. मग एक बाभूळ छत्रीसारखी छाटा आणि तिच्यामागं सूर्य बुडवा. आफ्रिकेतले ५४ देश एवढ्या एका झाडावर भागतात, आपला तर तालुकाच आहे.

२. सायकल. हिच्याशिवाय गरिबी पडद्यावर उभी राहत नाही. मलावीच्या दुष्काळावरच्या २०१९ च्या सिनेमात पोरगं बापाच्या सायकलीतून पवनचक्की उभी करतं. आपल्या ‘एलिझाबेथ एकादशी’त आई सायकल विकायला काढते. तुम्ही दोन्ही करा. आधी विका, मग मोडा.

३. जनावर. बैल ‘टिंग्या’नं २००८ मध्येच नेला. डुक्कर ‘फँड्री’नं. पण जपून! त्यातलं पोरगं शेवटी थेट आपल्याच दिशेनं दगड भिरकावतं. लेकराबाळांना घेऊन आलेल्या प्रेक्षकाला हे झेपत नाही. त्याला रडायचं असतं, मार खायचा नसतो. शूटिंगआधी पोराचे खिसे तपासा.

४. भाषा. नांदेडकडं ‘काय करायलास?’ म्हणतात. तुम्ही सरसकट कोल्हापुरी ठेवा. पुण्यापलीकडचं गाव म्हणजे कोल्हापूर, अशी पडद्याची जुनी वहिवाट आहे. मलावीच्या त्या सिनेमात दिग्दर्शक चिवेटेल एजिओफॉरनं माणसांना चिचेवा बोलू दिली. त्याचं नाव मोठं, त्याला परवडतं.

५. पोर. सगळ्यात कटकटीचं पीक. निवडीला येईल ते इस्त्रीच्या गणवेशात, तेल लावून भांग पाडून. मळवून घ्या. चपला काढायला लावा (हरवू नका, आई विचारायला येते). विहिरीवरून पाणी आणतोस का, असं मायेनं विचारा. ते म्हणेल, ‘बोअर हाय की, सर. तुमचा कॅमेरा फोर के हाय का?’ हे संवादात घेऊ नका.

पोरं अगदीच ऐकेनात, तर १९९४ चा ‘द लायन किंग’ आठवा. आफ्रिकेतलं अख्खं बालपण, पण माणसाचं पोर एकही नाही. चपलांचा प्रश्नच मिटला.

६. काढणी. शेवटी पोरानं क्षितिजाकडं बघत रडायला हवं. ग्लिसरीन सोबत ठेवा, कारण ते हमखास विचारणार, ‘सर, मी रडायलो कामून?’

सांगा, पाणी नाही म्हणून.

‘आमच्या शेतात हाय.’

सांगा, सायकल गेली म्हणून.

‘ती तुमीच मोडली की!’

इथं कट म्हणा.