एक ब्रास तूस

रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात मी ३१ वर्षं स्टोअर सांभाळलं. किती पिंपं आली, किती गेली, किती गळली, हे मी झोपेतही सांगितलं असतं. (ही म्हणते, सांगायचोच.) ऑडिटवाले यायचे, चहा प्यायचे, निमूट जायचे. त्यामुळे निवृत्तीनंतर परसातल्या चार वाफ्यांवर आच्छादन किती लागेल, हा माझ्या हातचा मळ होता. मी कागद-पेन्सिल घेतली आणि तिथंच घोटाळा झाला.

‘आच्छादन’ हा शब्द आमच्या भागात माणूस निवृत्त झाल्यावरच उच्चारतो. बाकीचे लोक शेती करतात. सुभाष पाळेकरांच्या शेतीचे बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा असे चार खांब आहेत. पहिल्या दोहोंना गाय लागते, चौथा मला अजून नीट कळलेला नाही, म्हणून मी तिसरा धरला. गरजही खरी होती. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झोडपून जातो आणि डिसेंबरात मिरचीच्या वाफ्याला बोट जाईल एवढी भेग पडते. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते. पण ती माझ्या मिरचीपर्यंत येत नाही.

शेजारच्या काकूंच्या कानावर बेत घातला, तर त्या म्हणाल्या, “पातेरा जाळायचा असतो हो, पांघरायचा नसतो!” त्यांचं काही चुकलं नव्हतं. इथे भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, टहाळ, पातेरा, हाताला लागेल ते जमिनीवर पसरून पेटवून द्यायचं. त्या राबासाठी काकू आमच्या आंब्याखालचा पातेराही दरवर्षी झाडून नेतात. तो मागायचं धाडस मला झालं नाही.

मागच्या वर्षी पेंढा घालून पाहिला होता. सहा भारे. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडं राहिलं आणि गावातली एक गाय वाफ्यात पंगतीला बसली. पेंढ्याबरोबर तिने वांगीही वाढून घेतली. यंदा म्हणून तूस. तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे जनावर तोंड लावत नाही आणि ते लवकर कुजतही नाही. भातगिरणीतून नमुन्याला पिशवीभर आणलं.

हिने त्यातलं एक सूपभर तूस मिरचीच्या कोपऱ्यात पसरलं, कमरेवर हात ठेवून चारही वाफ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “दहा गोण्या.”

मी हसलो. अंदाज वेगळा आणि हिशेब वेगळा, असं तिला समजावलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख लहानपणी रोह्यात वाढले, तेव्हा हिशेब या पाण्यातच आहे, असंही सांगितलं. ती म्हणाली, “नदी धाटावकडून रोह्याकडे वाहते. उलटी नाही.”

कागदावर मी पहिल्या ओळीत क्षेत्रफळ मांडलं. दहा फूट लांब, अडीच फूट रुंद असे चार वाफे, म्हणजे १०० चौरस फूट. घर बांधताना प्लास्टरवाल्याने बिल ब्रासमध्ये लावलं होतं, तेव्हापासून १०० चौरस फूट दिसले की माझा हात आपोआप ‘१ ब्रास’ लिहितो. तसं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग जाडी. तीन इंच, म्हणजे पाव फूट. शंभर गुणिले पाव, २५ घनफूट. इथवर चित्रगुप्तालाही चूक काढता आली नसती.

मग टेम्पोवाल्याला फोन केला. तो एरवी रेती-खडी टाकतो. त्याने विचारलं, “काका, बरास किती?”

मी कागदाकडे पाहिलं. दोन रेघांच्या वर, ठसठशीत अक्षरात, उत्तर लिहिलेलं होतं.

“एक,” मी म्हणालो.

आता ज्याने कोणी हे माप आपल्या गळ्यात बांधलं, त्याला माझा दंडवत. प्लास्टर असेल तर ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. रेती, खडी, मुरूम असेल तर ब्रास म्हणजे १०० घनफूट. शब्द तोच, आकडा तोच, फक्त एकाला उंची आहे. मला हवं होतं पाव ब्रास. मागवलं एक.

टेम्पो आला तो ताडपत्रीचा डोंगर घेऊन. रेतीचा ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो. तुसाचा तीनशे किलोही नाही, त्यामुळे गाडी कशी उड्या मारत आली. पोराने फाळका सोडला. खडी पडताना निदान आवाज करते, माणूस सावध होतो. तूस आवाज करत नाही. ते नुसतं सुटलं, पसरलं, चढलं. आधी माझ्या चपला गेल्या, मग स्कूटरची चाकं, मग तुळशीवृंदावनाची खालची पायरी. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि सोनेरी ढग कुंपणावरून काकूंच्या अंगणात उतरला. तिथे त्यांनी सुकट उन्हात टाकली होती.

सुकट आणि तूस वेगळं करून पाहिलंय कधी? रंग साधारण तोच, आकार साधारण तोच. पाखडायला घ्यावं तर दोन्ही हलकी. मी आणि काकू दुपारी चारपर्यंत परातीवर वाकून बसलो होतो. पहिला तास त्या काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

संध्याकाळी हिने गोण्या भरून वाफ्यांवर ओतायला सुरुवात केली. दहावी गोणी झटकली तेव्हा शेवंतीचा शेवटचा कोपरा झाकला गेला. ती काही म्हणाली नाही. सूप मात्र खुंटीला अडकवताना जरा आपटलं.

उरल्या तीस गोण्या. चार काकूंच्या खुराड्यात अंथरायला गेल्या, नुकसानभरपाई म्हणून. एका गोणीची आमच्या एका मावशींनी राखुंडी करायला घेतली. आता त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांचेही दात घासून होतील. जानेवारीत गल्लीतल्या पोरांनी पोपटी लावली, तेव्हा मी तीन गोण्या आग्रहाने दिल्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, सगळं जय्यत. पण पेंढ्यासारखं तूस भडकत नाही, नुसतं धुमसतं. रात्री अकराला पोरं न वापरलेल्या दोन गोण्या परत घेऊन दारात उभी. “काका, शेंगा कच्च्या राहिल्या.” माल परत आल्याची नोंद ३१ वर्षांत मी पुष्कळदा केली होती, अशी कधी केली नव्हती.

मिरची उत्तम आहे. भेगा नाहीत, तणही फारसं नाही.

पडवीत आज २४ गोण्या शिल्लक आहेत. रोहा-कोलाड रस्त्याने कधी येणं झालं, तर धाटावला थांबा आणि हव्या तेवढ्या घेऊन जा. पैसे नकोत. गोणी रिकामी करून परत पाठवा, त्या मोजून घेतलेल्या आहेत.