विलायत, व्हाया उनकेश्वर

आमच्या आईचं एक मत पक्कं आहे. "इंग्रज आपल्याकडं कवाच आले नाहीत, मग आपण तरी त्यांच्याकडं कशाला जायचं?" नात शिकायला लंडनला निघाली तेव्हा तिनं हे मत घरातल्या प्रत्येकाला एकेकदा ऐकवलं. इतिहासाच्या मास्तरालाही ते सहजी खोडता येणार नाही. आमच्या किनवटवर राज्य होतं निजामाचं. देश 1947च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला आणि आम्ही 17 सप्टेंबर 1948ला. त्यानंतरही 1956पर्यंत आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातच होतो. पुण्या-मुंबईच्या घरांतून आजोबांनी पाहिलेल्या गोऱ्या कलेक्टरच्या गोष्टी निघतात. आमच्याकडं गोष्टी निघतात त्या रझाकारांच्या आणि उर्दूतून लिहिलेल्या जमिनीच्या कागदांच्या. त्यामुळं विलायतेबद्दल आमच्या मनात राग नाही, भक्ती नाही. नुसतं कुतूहल आहे, तेही बहुतेक पु. लं.च्या 'अपूर्वाई'तून उसनं घेतलेलं.

ही नात म्हणजे माझी भाची, अर्थशास्त्राची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दर उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांचे वर्ग भरतात, त्यातल्या एकाला तिची निवड झाली. 2024च्या जूनअखेरीला निघायचं ठरलं. आठवडाभर घरात फक्त बॅग भरणं चाललं होतं. दूध-दुभत्याचे पदार्थ इंग्लंडात नेता येत नाहीत असं कळल्यावर पेढे आणि तूप बाद झाले. त्यांच्या जागी शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि उडदाचे पापड आले. माहूरच्या रेणुकामातेचा तांबूल न्यायचा की नाही यावर खल झाला आणि तो विमानात बसायच्या आधीच संपवावा असा निकाल लागला. किनवटहून नंदिग्राम एक्सप्रेसनं मुंबई, तिथून विमान. गंमत म्हणजे मुंबईहून लंडनला जायला तिला लागला त्याहून जास्त वेळ किनवटहून मुंबईला जायला लागला. या प्रवासाचा अवघड भाग कोणता, हे आमच्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिथं पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. "मामा, इथं उन्हाळा सुरू झालाय. मी स्वेटर घालून बसलीय." 2015नंतरचा तो ब्रिटनचा सगळ्यांत थंड उन्हाळा होता असं नंतर तिथल्या हवामान खात्यानंच जाहीर केलं. त्याच खात्याच्या हिशेबानं लंडनमध्ये सलग तीन दिवस पारा 28 अंशांवर गेला की उष्णतेची लाट समजतात. हे ऐकून आई पदरानं वारा घेत म्हणाली, "अठ्ठावीस? अठ्ठावीसला तर आपल्याकडं गोधडी लागते." मे महिन्यात किनवटला चाळीसच्या वर काढलेल्या बाईला हे बोलायचा अधिकार आहे. पुढं रात्री नऊ वाजताही फोनवर मागं ऊन दिसायचं. आमच्याकडं तेव्हा दीड वाजलेला असायचा, मध्यरात्रीचा. "अजून सूर्य मावळला नाही, मग पोरीला जेवायला कधी घालतेत?" ही आईची काळजी मात्र खरी होती.

वर्ग सुरू व्हायच्या आधी तिला तिथली निवडणूक बघायला मिळाली. आम्ही लोकसभेसाठी 26 एप्रिलला बोटाला शाई लावून घेतली होती आणि मग 4 जूनपर्यंत निकालाची वाट बघत, चहाच्या टपरीवर सरकारं पाडत आणि उभी करत बसलो होतो. तिथं 4 जुलैला गुरुवारी मतदान झालं आणि 5 तारखेच्या दुपारी नवा पंतप्रधान घरात राहायलाही आला. भोंगे नाहीत, गुलाल नाही. वर काही मतदान केंद्रं चक्क पबमध्ये. आपल्याकडं मतदानाच्या आधी दोन दिवस दारूची दुकानं बंद करतात आणि तिथं दारूच्या दुकानातच पेटी ठेवतात, ही बातमी भाचीनं फोनवर सांगितली तेव्हा आमचे काही मित्र फारच गंभीर झाले. लोकशाही कुठं जास्त रुजली आहे यावर त्या संध्याकाळी टपरीवर एकमत झालं.

महाविद्यालयाच्या आवारात पृथ्वीचा एक मोठा गोल आहे. मार्क वॉलिंजर नावाच्या शिल्पकारानं 2019मध्ये तो बसवला, पण उलटा: उत्तर ध्रुव खाली, दक्षिण ध्रुव वर. भाचीनं फोटो पाठवला. त्या गोलावर भारत वर येतो आणि इंग्लंड खाली जातं. आईनं फोटो डोळ्यांजवळ नेऊन निरखला आणि म्हणाली, "ह्याला म्हणतेत शिक्षण."

अभ्यास मात्र जबर होता. सकाळी व्याख्यान, दुपारी छोट्या गटात चर्चा, रात्री वाचन, आणि शेवटी परीक्षा. चर्चेत बोलायला लागतं, हे तिला जड गेलं. आपल्याकडं वर्गात जो बोलतो त्याला बाकाखालून चिमटा बसतो. तिथं न बोलणाऱ्याला शिक्षक आपुलकीनं विचारतात, तब्येत ठीक आहे ना. या धांदलीत एका रात्री तिनं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पापड भाजला. छताच्या यंत्रानं तेवढा धूर ओळखला आणि सगळी इमारत झोपेच्या कपड्यांत रस्त्यावर आली. कुणी रागावलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं पापड मागायला आले.

पापड आणि हे महाविद्यालय यांचं नातं जुनं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथंच शिकले. 1916मध्ये दाखल झाले, बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली म्हणून 1917मध्ये अर्ध्यावर परत आले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचं कर्ज घेतलं आणि 1920मध्ये पुन्हा बोट धरली. रात्री भूक लागली की पापड भाजून खात ते वाचत बसत, असं त्यांच्या चरित्रांत येतं. 1923मध्ये 'रुपयाचा प्रश्न' या प्रबंधावर त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्या काळी छताला यंत्र नव्हतं हे देशाचं नशीब. एका रविवारी भाची किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी गेली. 1921-22मध्ये बाबासाहेब तिथं राहत. 2015मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. राहत्या घराचं संग्रहालय केलं म्हणून तिथल्या कौन्सिलनं हरकत घेतली, वर्दळ वाढली म्हणून शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, आणि 2020मध्ये कुठं परवानगी पक्की झाली. "मामा, भिंतीवर निळी गोल पाटी आहे. कोण राहायचे, कधी राहायचे, सगळं लिहिलंय." तशीच पाटी तिनं हौली प्लेसमधल्या टिळकांच्या घरावर पाहिली. हायगेटला सावरकर राहत त्या इंडिया हाउसवरही पाहिली. अशा पाट्या लावायचा उद्योग लंडनमध्ये 1866पासून चालू आहे. ज्यांनी त्यांच्याच राज्याला सुरुंग लावला त्यांच्याही नावाची पाटी लावायची, ही खिलाडूवृत्ती म्हणावी की हिशेबीपणा, ते अजून ठरत नाही. मला वाटतं, दोन्ही.

आईची एकच फर्माईश होती. महाराजांची वाघनखं बघून ये. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ती होती. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून आलेली. ती महाराजांनी अफजलखानावर वापरलेलीच का, याची खातरी संग्रहालय देत नाही. आईला त्याचं काही नाही, ती देते. भाची तिथं गेली ती जुलैच्या शेवटी. त्याच महिन्यात वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात येऊन साताऱ्याच्या संग्रहालयात विराजमान झाली होती. म्हणजे ही तिकडं, ती इकडं. आता किनवटहून सातारा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापणं, त्यापेक्षा तिकडंच राहिली असती तर बरं झालं असतं, असं आई उघड बोलून गेली.

परीक्षा झाल्यावर ती बाथला गेली. लंडनहून रेल्वेनं दीड तास. गावात जमिनीतून गरम पाणी येतं, 46 अंशांचं, दिवसाला अकरा लाख लिटरच्या वर. रोमनांनी त्यावर कुंड बांधलं, देऊळ बांधलं, आणि आता सगळं गाव जागतिक वारसा आहे. गावाची कथा अशी: ब्लॅडुड नावाच्या राजपुत्राला कुष्ठरोग झाला, त्याला घराबाहेर काढलं, तो डुकरं राखू लागला, डुकरांबरोबर गरम चिखलात लोळला आणि बरा झाला. भाची तिथं कानाला यंत्र लावून हे ऐकत होती आणि तिला हसू फुटलं. कारण आमच्या तालुक्यात, पैनगंगेच्या काठी, उनकेश्वर आहे. तिथंही गंधकाच्या गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींच्या कातडीचा आजार जावा म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारला आणि पाणी उसळलं, असं तिथं सांगतात. ती लहानपणापासून आजीचं बोट धरून त्या पाण्यात उतरलेली.

तिचं मन सगळ्यांत जास्त रमलं ते शिशाच्या पत्र्यांत. बाथच्या झऱ्यात असे सव्वाशेच्या वर पत्रे सापडले आहेत. अंघोळीला गेलेल्यांचे कपडे, हातमोजे, नाणी चोरीला जायची. मग ती माणसं देवीच्या नावे पत्र्यावर तक्रार खरडून, गुंडाळी करून पाण्यात टाकायची. दोसिमेदिस नावाच्या एकानं दोन हातमोज्यांसाठी चोराची बुद्धी आणि डोळे जावेत असं मागणं घातलंय. काहींनी तर संशयितांची यादीच दिलीय. दोन हजार वर्षं होत आली, साम्राज्य बुडालं, आणि मागं राहिली ती देवळाबाहेर चोरी झालेल्या माणसाची तगमग. ही तगमग ज्याला कळत नाही त्यानं कुठल्याही यात्रेतून एकदा अनवाणी घरी येऊन पाहावं.

"आणि अंघोळ?" आईनं विचारलं.

"आजी, अंघोळ करता येत नाही. पाण्याला हातसुद्धा लावू नका म्हणतेत."

"तिकीट किती?"

"दोन हजाराच्या वर."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन हजार देऊन कोरडी आलीस?"

परत आल्यावर भाचीनं आम्हा सगळ्यांना उनकेश्वरला नेलं. वाटेत ती बाथच्या पाट्यांचं फार कौतुक करत होती: कुठं उभं राहायचं, काय बघायचं, कुणी बांधलं, सगळं लिहिलेलं. खरं आहे, त्या बाबतीत आपण आळशी. आपल्याकडं माहिती माणसाच्या तोंडात असते आणि माणूस जेवायला गेलेला असतो. पण पाटीला उलट प्रश्न विचारता येत नाही. कुंडाजवळ बसलेल्या म्हाताऱ्याला आईनं शरभंग ऋषींबद्दल एक विचारलं, त्यानं चार गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन एकमेकींशी जुळत नव्हत्या. बाथच्या यंत्रानं इतकी मजा आणली नसती.

तेव्हा इंग्लंडला जाणार असाल तर बाथ जरूर बघा, टॉवेल घरीच ठेवा. उनकेश्वरला येणार असाल तर टॉवेल आणा, साबण मात्र पाण्यात नेऊ नका. आणि चपलांवर लक्ष ठेवा, शिशाचे पत्रे इकडं मिळत नाहीत.