बंदुकीचं लटकन

बंदुकीला लटकन लावतात हे ज्यांना अजून ठाऊक नाही, त्यांनी आधी घरातल्या नाहीतर शेजारच्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाला गाठून माहिती करून घ्यावी आणि मगच पुढे वाचावं. स्कूटरच्या किल्लीला अडकवतात तसलंच असतं ते. फक्त नळीच्या बाजूला लोंबतं, आणि मुळात बंदूकच खरी नसल्यामुळे लटकनही खरं नसतं. खेळणारी मंडळी त्याला चार्म म्हणतात. तर येऊ घातलेल्या एका भव्य युद्धगेमची पब्लिक बीटा टेस्ट, म्हणजे गेम पुरता व्हायच्या आधीच लोकांकडून करून घेतलेली चाचणी, नुकतीच झाली, आणि त्यात विसाव्या लेव्हलपर्यंत पोचणाऱ्या प्रत्येकाला असं एक लटकन बहाल करण्यात येईल, अशी घोषणा झाली. गेमचं नाव सांगत नाही. तुम्हाला आठवेल ते घाला, चालेल.

आता हे लटकन कमवायचं कसं, ते बघा. गेम उतरवून घ्यायचा, तो ६० जीबीचा. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर जगणाऱ्या मुलाने दुसरं काहीही न बघता, आजीचा व्हिडिओ कॉलसुद्धा न घेता तो उतरवायला घेतला, तर ४० दिवस लागतात. बीटा ४ दिवसांची. म्हणून मुलं वायफायवाल्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जातात. आमच्याकडे भाचेराव आले. सण नाही, सुट्टी नाही, लग्नकार्य नाही. त्याच्या आईने फोनवर विचारलं, "दादा, याला एकदम मामाचा पुळका कसा आला रे?" टेस्ट सुरू होणार होती शुक्रवारी सकाळी १० वाजता. कुठल्या सकाळी, तर कॅलिफोर्नियातल्या. तिथले सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि हिवाळ्यात साडेअकरा. घरातले सगळे आडवे झाले की आपल्या कामाला सुरुवात करायची, हा नियम पूर्वी चोरांना होता.

बरं, शुक्रवार हा झाला सर्वसामान्य जनतेचा मुहूर्त. ज्यांनी गेमचे पैसे आगाऊ भरले होते, त्यांना बुधवारीच आत सोडलं होतं. म्हणजे गेम अजून पुरता झालेला नाही, हे बनवणारेच पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहून सांगतात. तो चालतो की नाही हे बघायला माणसं हवीत, हेही तेच सांगतात. आणि त्या माणसांनी येताना पैसे घेऊन यावं, असंही तेच सुचवतात. पूर्वी तपासणाऱ्याला पगार मिळायचा. मग फुकट तपासणारे मिळू लागले. आता लोक पैसे भरून तपासायला येतात आणि वर रांगेत उभे राहतात. रांग म्हणजे पडद्यावर एक आकडा, आपल्यापुढे किती हजार माणसं आहेत त्याचा. भाचा त्या आकड्याकडे डोळे लावून बसला होता. आकडा उतरत होता, उतरता उतरता एकदम वाढला. रांगेतला माणूस मागे कसा जातो, असं मी विचारलं. "मामा, सर्व्हरवर लोड आहे," तो म्हणाला, घरातला थोरला माणूस आजारी असल्यासारख्या आवाजात. थोड्याच वेळात सर्व्हर बसला, आणि आपल्या अभूतपूर्व प्रतिसादाबद्दल आभार मानणारा संदेश आला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आपल्याकडे माणसं कधीच कमी पडली नाहीत. पण पीठ घरून आणायचं आणि तव्याचं भाडंही आपणच भरायचं, ही सुधारणा नवी आहे.

मध्यरात्र उलटल्यावर खेळ एकदाचा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत भाचा मेला.

"मामा, मी भिंतीमागे होतो!"

"मग?"

"मग काय, मेलो."

"भिंतीमागे?"

"माझ्याकडे भिंतीमागे. त्याच्याकडे मी अजून बाहेरच होतो ना!"

यात अध्यात्म काही नाही. बीटापुरता भारतातला सर्व्हर चालूच केलेला नव्हता, सगळ्यांना सिंगापूरला जोडून दिलं होतं. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर पळतो, तेव्हा नुसतं जाऊन यायलाच ४० मिलिसेकंद हवेत, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. तर गोळी झाडणाऱ्यावर अन्याय नको म्हणून सर्व्हर काय करतो, की गोळीची खबर पोचली की काळ जरासा मागे नेतो आणि झाडणाऱ्याला त्या क्षणी समोर काय दिसत होतं ते बघतो. त्याच्या पडद्यावर भाच्याचा खांदा अजून भिंतीबाहेर होता. सबब भाचा मृत. तो भिंतीमागे पोचला होता ही त्याची खासगी समजूत ठरली.

आणि इथेच माझी त्या लटकनाशी प्रथम भेट झाली. मेल्यावर हा गेम तुम्हाला तुमचं मरण पुन्हा दाखवतो, मारणाऱ्याच्या डोळ्यांनी. मारणाऱ्याने पैसे आगाऊ भरलेले असावेत, कारण त्याच्या बंदुकीला आगाऊवाल्यांना लगेच मिळणारं सोनेरी कवटीचं लटकन होतं. काय सांगू तुम्हाला, काय हलत होतं ते! बंदूक उजवीकडे वळली की कवटी क्षणभर मागे रेंगाळून डावीकडे झुकायची. तो धावला की ती नाचायची, थांबला की आणखी दोन-तीन हेलकावे खाऊन सावकाश स्थिर व्हायची. गोळी सुटली की झटका आधी साखळीच्या वरच्या कडीला, मग मधल्या, मग खालच्या. जडत्व, घर्षण, गुरुत्वाकर्षण, शाळेच्या पुस्तकातलं सगळं काही त्या सुपारीएवढ्या कवटीत उतरलं होतं. त्याच चौकटीत मागे भाच्याचा मृतदेह जमिनीपासून वीतभर वर तरंगत होता. त्याचा एक सोबती दाराच्या फळीत कमरेपर्यंत रुतून बसला होता आणि तिथूनच गोळीबार करत होता. कुणीतरी फेकलेला हातबॉम्ब जिन्याच्या पायऱ्यांतून आरपार खाली गेला आणि पृथ्वीच्या पोटात कुठेतरी फुटला. पण लटकनाचा एक हेलकावा चुकला असेल तर शपथ. शंभर माणसांनी कित्येक वर्षं खपून केलेल्या त्या अख्ख्या युद्धात पूर्ण झालेली वस्तू एकच होती, आणि ती विकायची होती. भाचा त्या रात्री बरेचदा मेला. त्यामुळे दुसऱ्यांची लटकनं त्याच्याइतकी जवळून फार थोड्यांनी पाहिली असतील.

रविवारी अभिप्रायाचा फॉर्म आला. गेम कसा वाटला, पात्रं कशी वाटली, बंदुका सजवण्याचे पर्याय पुरेसे वाटले का. भिंतीबद्दल प्रश्न नव्हता, भिंत 'इतर' नावाच्या चौकोनात लिहायची होती. शेवटचा प्रश्न नेहमीचाच: हा गेम तुम्ही मित्राला सुचवाल याची शक्यता ० ते १० मध्ये किती? भाच्याने ९ दिले. अरे, भिंतीमागे मेलास, रांगेत सडलास, ९ कशाचे? तो म्हणाला, "मित्र नाही आले तर खेळू कुणाबरोबर?" मल्टिप्लेअर गेमच्या धंद्याचं मर्म इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. एकट्याने वाचायचं पुस्तक वाईट निघालं तर माणूस ते मिटतो. हा गेम वाईट निघाला तर माणूस आणखी चौघांना बोलावतो.

आता कुणी म्हणेल, बीटामुळे गेम सुधारतो. सुधारतो ना, कोण नाही म्हणतंय? तुमचा फॉर्म कुणी वाचो न वाचो, तुमच्या प्रत्येक मरणाची जागा, वेळ आणि बंदूक नोंदली जाते. नकाशावर लोक जिथे पटापट मरतात तिथे लाल डाग उमटतो, आणि मग त्या चौकात एखादं खोकं आडोशाला आणून ठेवतात. बंदुकांचं तर आणखी गमतीचं. समजा मिनिटाला ६०० गोळ्या झाडणारी बंदूक आहे आणि समोरच्याचा जीव १०० गुणांचा. एका गोळीने २५ जातात, म्हणजे चार गोळ्यांत माणूस आडवा, पहिल्या गोळीपासून ३०० मिलिसेकंदांत. आता २५ चे २४ करा. चार गोळ्यांनी चार गुण उरतात, पाचवी लागते, ३०० चे ४०० मिलिसेकंद होतात. एका गुणाने मरण एक तृतीयांशाने लांबलं! हा एक गुण हजारो लोक खेळल्याशिवाय नीट ठरवता येत नाही, हे अगदी मान्य. पण बीटा येते गेम बाजारात यायच्या काही आठवडे आधी. तेवढ्यात जे बदलता येतं ते असले आकडे, वाढवता येतात ते भाड्याचे सर्व्हर. भिंत, जिना, दार बदलायची वेळ केव्हाच टळलेली असते. म्हणून २५ चे २४ होतात, त्यावर जगभर आठवडाभर शिवीगाळ होते, त्यालाच 'आम्ही तुमचं ऐकतो' असं म्हणतात, आणि दारात रुतलेला शिपाई दारातच राहतो.

मन लावून तपासणी करणारा या बीटात एकच वर्ग असतो, तो म्हणजे चीट विकणाऱ्यांचा. भिंतीपलीकडचं दाखवणारं, नेम आपोआप लावून देणारं सॉफ्टवेअर बीटाच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच हजर होतं. हे लोक गेमची प्रत्येक फट शोधतात, गिऱ्हाइकाच्या तक्रारीला तत्परतेने उत्तर देतात आणि काही बिघडलं तर दुरुस्ती पाठवतात. थोडक्यात, बनवणाऱ्यांनी जे करायचं ते सगळं करतात. आणि त्यांचं गिऱ्हाईक विसाव्या लेव्हलला सगळ्यांच्या आधी पोचतं. लटकन त्यालाही मिळतं.

इथवर ठीक आहे, हसा. पण 'आमच्या खेळाडूंनीच चुका शोधून दिल्या' असं जेव्हा अभिमानाने जाहीर होतं ना, तेव्हा माझं डोकं फिरतं. खोटं आहे हे. ती दाराची चूक कुणातरी पगारी टेस्टरने कितीतरी महिने आधी शोधलेली असते. टेस्टिंग म्हणजे दिवसभर गेम खेळायचा आणि वर पैसे मिळवायचे, असं ज्या काकांना वाटतं, त्यांनी एकच दार दिवसभर उघडून बघावं. चालत, धावत, रांगत, हातात बॉम्ब धरून, पलीकडून दुसरा माणूस त्याच क्षणी उघडत असताना, सर्व्हरशी संपर्क तुटत असताना. मग लिहायचं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहा वेळा केलं तर किती वेळा होतं. सोबत व्हिडिओ जोडायचा. हे काम करणारी मुलंमुली पुण्यात आहेत, बंगळुरात आहेत, पुष्कळशी कंत्राटावर आहेत. गेम बाजारात यायच्या आधी त्यांच्या रात्री जातात आणि गेम आल्यावर पुष्कळदा कंत्राट जातं. त्यांनी लिहिलेल्या त्या दाराच्या नोंदीवर शेवटी कुणीतरी शेरा मारतं: माहीत आहे, तसंच जाऊ द्या. का जाऊ द्या? कारण तारीख आधीच सांगून झालेली असते, भागधारकांना, दुकानांना, जाहिरातवाल्यांना. दार नीट लागतं की नाही हे विचारून तारीख ठरवायची रीत नाही. मग हीच न सुधारलेली चूक चार दिवस लाखो लोकांपुढे मांडायची, त्यांनी बोंब मारली की 'अहो, बीटा आहे' म्हणायचं, गेम आल्यावर बोंब मारली की 'पुढच्या पॅचमध्ये' म्हणायचं. आणि ज्या पोरीने ती चूक पहिल्यांदा शोधली, तिचं नाव गेमच्या शेवटच्या नामावलीत असेलच याची खात्री नाही. अनेकदा तिथे फक्त कंत्राटदाराचं नाव असतं. ज्याने चूक शोधली त्याला नाव नाही, ज्याने ती सोसली त्याला लटकन!

ते लटकन तरी पदरात पडलं का, ते आता सांगतो. बीटा संपली तशी सगळ्यांची पाटी कोरी करण्यात आली. लेव्हल गेली, कमावलेल्या बंदुका गेल्या, जागवलेल्या रात्री तर गेल्याच होत्या. लटकन तेवढं खात्यावर जमा झालं. ते वापरता येईल पूर्ण गेममध्ये, आणि पूर्ण गेम चार-पाच हजार रुपयांना विकत घ्यावा लागेल. म्हणजे मजुरी मिळाली आहे, पण ती हातात पडायची तर आधी मालकाचा माल घ्यायचा. लटकनावर बोळवण केली म्हणावं, तर बोळवणीचेही पैसे पडतात.

तेव्हा पालकहो, मामांनो आणि विशेषतः भाच्यांनो, बीटा फुकट असेल तर खुशाल खेळा. भिंतीमागे मेलात तर व्हिडिओसकट लेखी कळवा, आणि त्याच पत्रात विचारा की तुमच्या कंत्राटी टेस्टरांची नावं शेवटी छापणार आहात का. फक्त पैसे आगाऊ भरू नका. गेम आल्यावर दोन आठवडे थांबा, दार नीट लागतंय असं चार जणांकडून कळू द्या, मग घ्या. आगाऊ भरलेला एकेक रुपया त्या दारावरच्या शेऱ्याला मंजुरी देतो: माहीत आहे, तसंच जाऊ द्या.