न मिळालेल्या भाड्याची पावती

वडगाव बुद्रुक येथील माझ्या फ्लॅटमध्ये सहकुटुंब, सुखरूप आणि विनामूल्य वास्तव्य करणाऱ्या सन्माननीय भाडेकरूंस,



परवा रात्री साडेदहाला आपला मेसेज आला. गणपतीनंतर आपण स्वतःहून पाठवलेला हा पहिलाच. एरवी आपल्या दोघांत लिहिण्याचं काम माझ्याकडे आणि निळ्या टिका उमटवायचं काम आपल्याकडे असतं. त्यामुळे आपलं नाव दिसताच मी अंथरुणातून उठून चष्मा लावला. म्हटलं, आलं भाडं. मेसेज असा होता : ‘काकू, ऑफिसात प्रूफ सबमिट करायची लास्ट डेट आलीये. एप्रिल ते मार्चच्या रेंट रिसीट सही करून पाठवाल का प्लीज? पॅन नंबरही लागेल.’ खाली हात जोडलेले.

मी तो तीनदा वाचला. ‘भाडं उशिरा देतो’ असं कुठे तरी बारीक अक्षरात असेल, म्हणून शोधलं. नव्हतं.

साहेब, मी सगळी नोकरी एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स खात्यात केली. रिक्षाभाड्याचं व्हाउचर नाही म्हणून मी भल्याभल्या मॅनेजरांचे पैसे अडवून धरले आहेत. खात्यात मला मागे काय म्हणत ते मला माहीत होतं आणि त्याचा मला अभिमान होता. त्या बाईकडे आपण न दिलेल्या पैशांची पावती मागितलीत. तीही पूर्ण वर्षाची! म्हणजे गणपतीपासून थकलेले महिने तर झालेच, शिवाय अजून न उजाडलेल्या फेब्रुवारी-मार्चचं भाडंही मला पोचलं, असं मी जानेवारीतच लिहून द्यायचं. पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. तो रुपयाही माझाच धरला असेल ना आपण?

आपल्याला ही किरकोळ सही वाटते. ती काय काय करते ते जरा सांगते, कारण आकडेमोडीत आपण कच्चे नाही हे मला ठाऊक आहे. घरभाडे भत्त्यावरची करसवलत भाडं भरणाऱ्याला मिळते, नुसतं राहणाऱ्याला नाही. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. आपलं भाडं महिना २२ हजार, म्हणजे कागदावर वर्षाला २ लाख ६४ हजार. आपला कर वाचणार, आणि माझ्या पॅनपुढे कधी न आलेलं उत्पन्न उभं राहणार. ते कुठे गेलं याचा खुलासा मग मी देत बसायचा. बुडालेलं भाडं उत्पन्नातून वगळायची सोय प्राप्तिकराच्या नियमांत आहे, नाही असं नाही. पण त्यातली एक अट अशी, की भाडेकरूनं घर सोडलेलं असावं, निदान त्याला बाहेर काढण्याची पावलं तरी उचललेली असावीत. आता मी ती पावलं उचलत भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जाऊन उभी राहिले, की आपला वकील काय करेल? माझ्याच सहीच्या बारा पावत्या टेबलावर ठेवेल. ‘बाई, भाडं तर मार्चपर्यंत मिळालंय तुम्हाला.’ मग मी कुठल्या तोंडानं बोलू?

म्हणजे आपण भाडं दिलं नाही ते दिलं नाहीच. ते दिलं होतं असा पुरावा माझ्याकडूनच तयार करून मागितलात. आणि वर ‘प्लीज’.

बाकीचं मी मनावर घेत नाही. ‘सॅलरी क्रेडिट झाली की टाकतो’, ‘यूपीआयचं लिमिट संपलं’, ‘बँकेचा सर्व्हर डाउन आहे’ या सबबी मी ऐकून घेतल्या. सर्व्हर डाउन असताना आपल्या स्टेटसवर व्हिएतनामच्या नौकाविहाराचे फोटो कसे चढले, हे मी विचारलं नाही. ‘डिपॉझिटमधून वळते करून घ्या ना काकू’ असं आपण सुचवलंत तेव्हाही गप्प राहिले. दोन महिन्यांचं डिपॉझिट असतं, ते ऑक्टोबर संपतासंपता आटलं, आणि स्वयंपाकघरात फुटलेल्या टाइल्सना आता वाली उरला नाही. ज्या एजंटानं आपल्याला ‘एकदम डीसेंट फॅमिली’ म्हणून आणलं आणि दोन्हीकडून एकेका महिन्याचं भाडं खिशात घातलं, तो हल्ली माझा फोन उचलत नाही. सोसायटी माझ्याकडून देखभालीच्या जोडीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते, ती मला नाही. कारण त्या घरात मी राहत नाही. तुम्ही राहता. फुकट.

माझं पेन्शन ईपीएस-९५ चं आहे. त्याचा आकडा इथे दिला तर मुद्रितशोधक एक शून्य राहिलं समजून वाढवून टाकेल. म्हणून तो फ्लॅट घेतला होता. आपलं भाडं म्हणजे माझा किराणा, औषधं आणि कामवाल्या मावशींचा पगार. मावशींना मी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत नाही.

आमच्या लहानपणी पेठेतल्या वाड्यांत मालक-भाडेकरूंचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य असायचं. पण भाडं चुकत नसे. मालक मुद्दाम घेईना, तर भाडेकरू मनीऑर्डर करायचा आणि परत आलेल्या मनीऑर्डरीची पावती जिवापाड जपायचा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याचं संरक्षण भाडं द्यायला तयार असणाऱ्यालाच होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. चाळीस रुपयांचं भाडं, त्यात मालकाचं दिवाळं निघायचं, छपराची कौलंही बदलून व्हायची नाहीत. तो अन्याय होताच. पण पावत्या खऱ्या असत.

आता सल्ल्यांबद्दल. आपली कीर्ती नातेवाइकांत पसरल्यापासून मला सल्ल्यांची ददात नाही. भाचा म्हणतो, ‘मावशी, पाणी तोड.’ शेजारचे निवृत्त फौजदार म्हणतात, ‘ते बाहेर गेले की कुलूप बदला.’ एकानं तर ‘दोन पोरं पाठवू का?’ असं विचारलं आणि पोरांचा दरही सांगितला. तो आपल्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी होता. मी सगळ्यांना नाही म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे मालकाला पाणी, वीज तोडता येत नाही. शिवाय आपली मुलगी शाळेतून आल्यावर तिच्या बाटलीत पाणी नसावं, असं मला वाटत नाही. करार मी रीतसर नोंदवला, मुद्रांक शुल्क भरलं, पोलिसांना कळवलं. नियमानं वागणाऱ्या बाईला आपण पुरतं ओळखलंत, एवढंच.

आणि नेमकं हेच मला डाचतं. आपल्याकडे पैसे नाहीत असं नाही. गाडीचा हप्ता आपल्या खात्यातून ५ तारखेला आपोआप जातो. मुलीची फी भरली जाते, कारण शाळा परीक्षेला बसू देणार नाही. क्रेडिट कार्ड भरलं जातं, कारण सिबिल बिघडतं. इंटरनेट भरलं जातं, नाही तर त्याच रात्री बंद पडतं. ज्याच्या हातात काठी आहे, त्याला वेळेवर. जिच्या हातात नाही, तिला ‘काकू, प्लीज’. तू मला काकू म्हणतोस ना? मग सांग, काकूच का शेवटी? बँकेला काकू म्हणून बघ एकदा. पाच महिने थकव आणि वर्षभराचं ‘नो ड्यूज’ माग तिच्याकडे. लाज कशी वाटली नाही रे तो मेसेज टाइप करताना? हात जोडलेलं चित्र शोधायला वेळ मिळाला, तेवढ्यात एकदा तरी वाटायला हवं होतं, की बाईचं आपण देणं लागतो.

असो. तोंड सुटलं.

काल दुपारी मी फ्लॅटवर येऊन गेले, तेव्हा तुम्ही ऑफिसात होतात. तुमच्या बायकोनं दार उघडलं. ती फार काही बोलणारी नाही, पण बसवलं, चहा केला आणि मग बोलली. पुनावळ्याला बुक केलेल्या फ्लॅटबद्दल बोलली. ताबा मिळायला हवा होता तो दोन वर्षांमागे. इमारत अजून अर्धी आहे. बँकेनं बिल्डरला पैसे दिलेत, त्याचं व्याज तुम्ही दरमहा भरता, आणि वर ते माझं भाडं. बिल्डरच्या ऑफिसात गेलं की ‘पुढच्या क्वार्टरला नक्की’. फोन केला तर उचलत नाही. व्हिएतनाम कंपनीच्या खर्चानं झालं होतं, हेही तिनंच सांगितलं. ते स्टेटस मी उगाच मनाला लावून घेतलं होतं. सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. अशा आवाजात बोलणाऱ्या बायका मी बँकेच्या रांगेत पाहिल्या आहेत, पासबुकात पैसे नाहीत हे आधीच माहीत असलेल्या.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं. राहत्या घराचं भाडं आणि न मिळालेल्या घराचं व्याज, एका पगारात हे बसवणं कठीणच. म्हणून सांगते, नीट ऐक. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ताबा वेळेत मिळाला नाही तर तुला पैसे व्याजासकट परत मागता येतात. घर हवंच असेल, तर ताबा मिळेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याचं व्याज बिल्डरकडून मागता येतं. महारेराकडे तक्रार ऑनलाइन करता येते. तुझा विक्रीकरार, बँकेची स्टेटमेंट्स आणि बिल्डरच्या इमेल्स घेऊन ये, हिशेबाचा तक्ता मी करून देते. त्यात मी पटाईत आहे आणि त्याची फी घेणार नाही.

पण बिल्डरच्या उशिराचं व्याज माझ्या किराण्यातून वळतं होणार नाही. त्याच्यापुढे तू जितका हतबल आहेस, तितकीच मी तुझ्यापुढे आहे, आणि फोन न उचलण्याची विद्या तू त्याच्याकडूनच शिकलास. ‘या महिन्यात जमत नाही काकू, आठ हजार घ्या, बाकीचं हप्त्याहप्त्यानं फेडतो’ असं तू दिवाळीत म्हणाला असतास, तर मी वहीत लिहून घेतलं असतं आणि आठ हजारांची पावतीही दिली असती.

तर सन्माननीय भाडेकरू, आता कामाचं. वकिलांची नोटीस आजच स्पीड पोस्टानं निघाली आहे. आपला करार ३१ मार्चला संपतो, तो मी वाढवणार नाही. त्यानंतरही जागा सोडली नाहीत, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दरानं नुकसानभरपाई लागू होते. म्हणजे १ एप्रिलपासून महिना २२ नव्हे, ४४ हजार. सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स मिळाल्यावर बाजू मांडायची तर ३० दिवसांत परवानगी मागावी लागते, आपोआप मिळत नाही. तारखा लिहून ठेवा.

एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांचं भाडं बँकेत आलेलं आहे. त्याच्या पाच पावत्या सोबत जोडल्या आहेत, पॅनसकट. बाकीच्या सात नाहीत. मार्चअखेर चाव्या वॉचमनकडे टाकून जाऊ नका, माझ्या हातात द्या. मीटरचं रीडिंग दोघं मिळून घेऊ. महावितरणचं बिल माझ्या नावावर येतं, आणि तेही थकलेलं आहे.

आपली,
घरमालकीण काकू