अर्धीच गोष्ट सांगा

कोल्हापुरात गोष्टींचा तुटवडा कधीच नव्हता. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ग्लासातल्या धारोष्ण दुधाचा फेस बसेपर्यंत शेजारचा अनोळखी माणूस भाऊबंदकीचा अख्खा खटला निकालासकट ऐकवतो. वर "लिवा की सर ह्याच्यावर एक कादंबरी," असा आदेशही देतो. अडचण अशी, की त्यावर एक ओळ सुचत नाही. सगळं त्यानंच सांगून टाकलेलं असतं.

कादंबरीकार हेन्री जेम्सचंही असंच व्हायचं. एका मेजवानीत शेजारच्या बाईंनी घरातल्या मौल्यवान सामानावरून आई-मुलात पेटलेल्या भांडणाचा विषय काढला, आणि दोन-चार शब्दांतच त्याला कादंबरी दिसली. पुढचा तपशील त्याला नकोसा झाला. बाई बोलतच राहिल्या. गंगावेशीत या गृहस्थाचं काय झालं असतं, कोण जाणे.

निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत आणि कथा-कादंबऱ्या लिहीत. भोवतालची कष्टकरी माणसं त्यांच्या लिखाणात आली, हे सगळेच सांगतात. माझा अंदाज जरा आगाऊ आहे: गिरणीच्या घरघरीत गिऱ्हाइकाचं बोलणं निम्मंच ऐकू येत असणार. उरलेलं निम्मं त्यांनी लिहिलं.

शिवाजी सावंत आजऱ्याचे. शाळेतल्या नाटकात त्यांच्या वाट्याला कृष्ण आला. मनात राहिला कर्ण. पुढे कोल्हापुरात मास्तरकी करत असताना 1967 साली 'मृत्युंजय' आली. कर्णाचं काम त्यांनाच मिळालं असतं, तर टाळ्या घेऊन पोरगं मोकळं झालं असतं, असं मला उगीच वाटतं.

राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये कथेचं तंत्र उलगडून दाखवलं. गुंतागुंत कशी करावी ते त्यातून कळतं. ती नेमकी कुणाच्या घरात करावी, ते आपलं आपण बघायचं.

मला ते घर केएमटीच्या बसमध्ये सापडलं. पुढच्या सीटवरच्या बाई मोबाइलवर म्हणाल्या, "म्हस दिली, पर फोटू न्हाई देणार म्हणून सांग त्याला," आणि रंकाळा स्टँडला उतरून गेल्या. फोटो कसला? आधी मला तो म्हशीचाच वाटला. मग म्हशीशेजारी एक पोरगा येऊन उभा राहिला. काही दिवसांनी त्याच्या अंगावर मिल्ट्रीची वर्दी चढली. सैनिक टाकळी याच जिल्ह्यात आहे म्हटल्यावर ती चढणारच. आता फोटो मागणारा 'तो' कोण, यावर घोडं अडलंय.

हे मी शेजारच्या निवृत्त कंडक्टर मामांना सांगून बसलो.

"कुठली गाडी? किती वाजताची?" मामा सरसावले. "बाई हुडकून देतो. इचारून टाका की सरळ!"

मी हात जोडले. "नको मामा. कादंबरी तरी होऊ द्या."

"आन् खरं काय ते कळाय नको व्हय?"

काल मामा डेपोच्या वाटेला दिसले. मी लिहिण्याचा वेग वाढवलाय.