शिक्का पडला की हिरा स्वच्छ?

झिम्बाब्वेच्या पूर्वेला मारंगे नावाचा हिऱ्यांचा पट्टा आहे. 2008 च्या अखेरीस तिथं लष्कर उतरलं. हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाला. मानवी हक्क संघटनांच्या तपासानुसार दोनशेहून अधिक माणसं मारली गेली. पोटासाठी माती उकरून हिरे शोधणारी माणसं.

मग मारंगेचा माल ‘संघर्षाचा हिरा’ ठरला का? नाही.

कारण गोळ्या झाडणारे बंडखोर नव्हते, सरकारचेच सैनिक होते!

कच्च्या हिऱ्यांच्या निर्यातीवर जगभर पहारा ठेवणाऱ्या किम्बर्ली व्यवस्थेची मेख इथंच आहे. संघर्षाचा हिरा म्हणजे ज्याच्या पैशावर बंडखोर किंवा त्यांचे साथीदार कायदेशीर सरकार उलथवायला निघतात, तो. सरकारनंच बंदूक रोखली तर? व्याख्येत त्याला जागा नाही.

ही व्यवस्था आली, ती मात्र खऱ्या गरजेतून. सिएरा लिओनमध्ये बंडखोर हिऱ्यांच्या खाणी ताब्यात घेऊन बंदुका आणत होते आणि गावकऱ्यांचे हात तोडत होते. अंगोलात बंडखोर नेते साविम्बी यांच्या ‘युनिटा’ संघटनेचं युद्धही हिऱ्यांवर चाललं होतं. सुरक्षा परिषदेनं 1998 मध्ये त्यांच्या हिऱ्यांवर बंदी घातली. 2000 साली दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्ली शहरात सरकारं, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था एकत्र बसल्या. 1 जानेवारी 2003 पासून नियम लागू झाला: कच्चा माल सीलबंद डब्यातून, सोबत सरकारी प्रमाणपत्र, आणि व्यवहार फक्त सदस्य देशांतच. सिएरा लिओनची अधिकृत निर्यात त्यानंतर वाढली. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण वीस वर्षांपूर्वीच्या श्रेयावर किती दिवस काढायचे?

मारंगेच्या निर्यातीला काही काळ लगाम लागला, तोही व्यवस्थेचे किमान नियम पाळले नाहीत म्हणून. नोव्हेंबर 2011 मध्ये तो सुटला. पुढच्याच महिन्यात ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था व्यवस्थेतून बाहेर पडली. संघर्षाच्या हिऱ्यांचा प्रश्न जगापुढं आणण्यात जिचा मोठा वाटा, तीच निघून गेली. यापेक्षा कडक निकाल कुणी द्यायचा?

व्याख्या बदलत का नाही? कारण इथं निर्णय सर्वसहमतीनं होतात. एका देशानं नकारार्थी मान हलवली की विषय संपला. ज्या सरकारांच्या लष्करावर, पोलिसांवर, खाणींच्या रखवालदारांवर बोट ठेवायचं, तीच सरकारं टेबलाभोवती बसलेली. रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तरी रशियाचे हिरे या कागदावर स्वच्छच राहिले. जी-7 देशांना 2024 पासून स्वतःची वेगळी बंदी आणावी लागली.

आता प्रमाणपत्राकडेच बघा. ते एका हिऱ्याचं नसतं, अख्ख्या पार्सलचं असतं. मधल्या एखाद्या व्यापारी केंद्रात चार देशांचा माल एकत्र झाला की त्यावर मूळ देश लिहावा लागत नाही. आणि हिऱ्याला पैलू पडले की किम्बर्लीचा संबंधच संपतो. पुढं उरतं ते विक्रेत्यानं बिलावर छापलेलं हमीचं वाक्य.

अंगठी घेताना आपल्याला काय सांगतात? कट, कॅरेट, कलर, क्लॅरिटी. खाण कुठली, हे कुणी सांगतं का?

हा प्रश्न आफ्रिकेतला म्हणून आपण हात झटकू शकत नाही. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात, मुख्यतः सुरतेत. मोठा व्यापार मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये चालतो. भारतात किम्बर्ली प्रमाणपत्र देण्याचं काम ज्या निर्यात परिषदेकडं आहे, तीही मुंबईचीच. म्हणजे हा माल आपल्या दारातून जातो.

किम्बर्ली व्यवस्थेचं अध्यक्षपदही आपल्याकडं येऊन गेलं आहे. 2008 मध्ये, म्हणजे मारंगेत रक्त सांडलं त्याच वर्षी. नंतर 2019 मध्ये. तेव्हा व्याख्या रुंदावण्याची चर्चा दिल्लीतल्या बैठकीत सहमतीविनाच संपली. 2026 साठी ते तिसऱ्यांदा आपल्याकडं आलं आहे.

भारताचा शब्द इथं चालत नसेल, तर कुणाचा चालणार? निर्यातदार देशांना कच्चा माल शेवटी आपल्याच कारागिरांकडं पाठवायचा आहे. त्या जोरावर दोन गोष्टी मागायला हव्यात. हिंसा कुणीही केली, तरी ती व्याख्येत यावी. सरकारी गणवेशातली सुद्धा. आणि खाणीचं नाव पार्सलबरोबर शेवटपर्यंत चालत यावं, पैलू पडल्यावरही.

एक काम तुमच्याकडंही आहे. पुढच्या वेळी सराफाकडं हिरा बघाल, तेव्हा भाव विचारण्याआधी खाण विचारा. उत्तर आलं नाही, तर हिरा परत ठेवा आणि का ठेवला ते सांगून या.