भाडे : एक मिरी

गेल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला लंडनहून भाच्याचा फोन आला. तिकडे मध्यरात्र कधीच उलटलेली. "मामा, यंदा तुझ्या वेलावर मिरी किती निघाली?"

पोराला झोप नाही आणि मिरीची चौकशी, म्हणजे पित्त असणार. मी आवळकाठीवर येतोय तोच म्हणाला, "पित्त नाही रे, भुईभाडं."

मिरीवर आपण येऊच. आधी भुई.

भाच्याचा फ्लॅट भाच्याचाच आहे, पण १२५ वर्षांपुरता. त्यातली वीस आधीच्यांनी राहून संपवली. खालची जमीन दुसऱ्याची, तिचे भुईभाडे वर्षाला २५० पौंड, दोन हप्त्यांत. मार्चचा १२५चा हप्ता राहिला. राहिला म्हणजे कुणी मागितलाच नाही. मागितला तेव्हा त्याची थकबाकी झालेली होती. पत्रात दोनच रकमा होत्या. भुईभाडे १२५ पौंड. हे पत्र पाठवल्याबद्दल ८४ पौंड.

ते पत्र मी मोबाइलवर मागवून घेतले. ८४ पौंडांची वस्तू फुकटात बघायला कधी मिळते? दीड पान. त्यातले अर्धे दोन्हीकडच्या पत्त्यांनी खाल्लेले. उरलेला मजकूर छापील, फक्त भाच्याचे नाव नंतर भरलेले आणि त्यात आडनावाची दोन अक्षरे गायब. त्याची सूट नाही. मी शब्द मोजले. १६८ भरले. म्हणजे शब्दाला अर्धा पौंड. 'महोदय'चा अर्धा पौंड. 'आपला विश्वासू'चा एक पौंड, आणि खाली सही नाही, म्हणजे विश्वासू कोण तेही कळायला मार्ग नाही. स्वल्पविराम तेवढे फुकट दिले आहेत. आता मी हे सदर बावीस वर्षे लिहितो आहे. एवढ्या वर्षांत शब्दाला काय मिळाले ते घरच्यांसमोर बोलायची सोय नाही. पण त्या पत्राच्या दराने आजच्या एका लेखाचे सव्वाचारशे पौंड होतात, आणि माझ्या लेखाखाली नावही असते. संपादकांनी नोंद घ्यावी. स्मरणपत्राची वेळ आणू नये, ते महाग पडेल.

१२५वर ८४ म्हणजे सदुसष्ट टक्के. आपल्याकडे चौथाईचे पंचवीस आणि सरदेशमुखीचे दहा, दोन्ही मिळून पस्तीस टक्के होत, आणि तेवढ्यासाठी घोडदळ घेऊन मुलुखभर हिंडावे लागे. इथे घोडा नाही, मोहीम नाही, एक पाकीट आहे. इ. स. ४०८ मध्ये रोमला वेढा पडला तेव्हा खंडणीत सोन्याचांदीबरोबर ३,००० पौंड वजनाची मिरी मागितली गेली. खंडणी ती खंडणीच, पण निरोप पोहोचवल्याचे पैसे त्यांनी वेगळे लावल्याचे कुठे वाचनात नाही.

आमच्या गावची खोती १९४९च्या कायद्याने गेली. खोताचे गुणगान करायला मी बसलेलो नाही. त्याने आमच्या आजोबांकडून काय काय उकळले याची यादी घरात अजून तोंडपाठ आहे. पण खोत सकाळी ओटीवर बसलेला दिसे. त्याच्यासमोर उभे राहून रडता येई, आणि वळणावर गेल्यावर शिव्याही देता येत. भाच्याची भुई एका कंपनीची, ती कंपनी दुसऱ्या कंपनीची, आणि दुसरीचा पत्ता म्हणजे एक टपालपेटी. भाच्याच्या पायाखालची जमीन दोनदा विकली गेली आणि त्याला ते लेटरहेडचा रंग बदलल्यावर कळले. टपालपेटीला शिव्या देऊन समाधान होत नाही, मी देऊन पाहिल्या.

हसणाऱ्यांनी आपापल्या सोसायटीचे दप्तर आठवावे. शहरात फ्लॅट विकताना ट्रान्सफर प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. म्हणून वरचे लाख-दीड लाख 'इमारत निधीला स्वखुशीने' द्यायचे असतात. स्वखुशीचा मसुदा ऑफिसात टाइप करून ठेवलेला असतो, आपण खूश होऊन फक्त सही करायची.

तरी आपला सेक्रेटरी घर काढून घ्यायची भाषा करत नाही. तिकडे थकबाकी ३५० पौंडांच्या वर गेली, किंवा कितीही किरकोळ रक्कम तीन वर्षांहून जास्त राहिली, की पट्टाच जप्त करा म्हणून कोर्टात जाण्याचा रस्ता मोकळा होतो. उशिरापोटी लावलेले शुल्क त्या ३५०मध्ये धरायचे नाही, एवढी माया कायद्याने ठेवली आहे. लाखो पौंडांचे घर, पंचवीस वर्षांचे हप्ते, आणि टांगलेले कशावर? साडेतीनशे पौंडांवर! कोर्ट बहुधा माणसाला वाचवते, हे मान्य. पण धमकीला कोर्ट लागतच नाही, पाकीट पुरते. कर्ज देणारी बँक घाबरते, मागतील तेवढे स्वतःच भरून टाकते आणि भाच्याच्या कर्जात मिळवते. ज्याने एक वीट रचली नाही, एक गळका नळ बदलला नाही, इमारतीचा जिना कधी चढला नाही, त्याने नुसती आठवण करून दिल्याचे पैसे घ्यावेत आणि ते न देणाऱ्याला चोर म्हणावे! यात विनोद करण्यासारखे काही नाही, आणि मी मघापासून तेच करतो आहे.

भाचा मात्र माझ्यापेक्षा शांत निघाला. त्याने त्यांचाच कायदा वाचला. २००२ सालचा. भुईभाडे ठरलेल्या नमुन्यात लेखी मागावे लागते, आणि भरण्याची तारीख नोटिशीपासून ३० ते ६० दिवसांमधली द्यावी लागते. तोवर भाडे देणेच लागत नाही. देणे नाही म्हणून उशीर नाही, उशीर नाही म्हणून उशिराचे पत्र नाही, पत्र नाही म्हणून ८४ नाहीत. शिवाय अशा शुल्कासोबत रहिवाशाच्या हक्कांचा गोषवारा जोडावा लागतो. तो कुठे आहे? आणि रक्कम वाजवी आहे की नाही, हे ठरवायला न्यायाधिकरण आहे. हे सगळे त्याने चार ओळींत लिहिले, फुकट. तीन आठवड्यांनी उत्तर आले, की सद्भावनेपोटी शुल्क मागे घेत आहोत. पाकीटमाराने पाकीट परत केले, की त्याला सद्भावना म्हणतात. नंतर रीतसर नोटीस आली आणि भाच्याने १२५ मुकाट्याने भरले.

आता मिरी. भाच्याच्या समोरच नवी इमारत झाली आहे. तिथे त्याची सोलापूरकडची मैत्रीण राहते, पट्टा ९९९ वर्षांचा. ३० जून २०२२पासून बहुतेक नव्या लांब मुदतीच्या पट्ट्यांवर भुईभाडे वर्षाला एक मिरी. थट्टा नाही, कायद्यातच तसे लिहिले आहे. रस्त्याच्या या बाजूला २५० पौंड, त्या बाजूला एक दाणा. भाच्याला वाटले, आपण मूठभर पाठवून विषय संपवावा. मी इकडे चमचाभर मिरी ताटात ओतून मोजली. बावन्न दाणे. एका चमच्यात बावन्न वर्षांचे भाडे! ९९९ वर्षांचे भरायला वीस चमचेही लागणार नाहीत, मिसळणाच्या डब्यातल्या दोन वाट्यांत काम होते.

पण कायदा करणारे आपली माणसे ओळखून होते. एका मिरीमागे ८४ पौंडांचे पत्र निघेल, हे त्यांना दिसले असणार. म्हणून त्यांनी हेही लिहून ठेवले, की मिरीच्या वसुलीचे म्हणून कसलेही शुल्क लावता येणार नाही.

मैत्रिणीने हौसेने दाराजवळ छोट्या बरणीत मिरी काढून ठेवली होती, कुणी मागायला आले तर द्यायला. कुणी आले नाही. पत्र नाही, पाकीट नाही, 'महोदय' नाही. धंदा भुईचा नव्हताच, मागण्याचा होता. दोन वर्षे वाट पाहून थकलेले सगळे भाडे तिने परवा टोमॅटोच्या सारात घातले.